तुम्ही विचारलंत म्हणून: चालू होतं, तर हात कशाला लावला?

"चालू होतं ना भाऊ, मंग कायले हात लावला?"

हा प्रश्न मला जिनिंगवाले विचारतात, पतसंस्थेचे मॅनेजर विचारतात, मेहुणा लग्नाच्या पंगतीत विचारतो. सिक्युरिटी अपडेटनंतर कुठला तरी सर्व्हर उठत नाही, मी जाऊन उठवतो, आणि पैसे हातात ठेवताना प्रश्नही ठेवला जातो. इतकी वर्षं हसून टाळलं. मागच्या आठवड्यात मात्र एक जण म्हणाला, "तुमचा धंदाच हाय तो, बिघडवाचं आन् दुरुस्त कराचं." झोंबलं. अगदीच खोटं असतं तर झोंबलं नसतं, हेही खरं.

आधी माझी बाजू ऐका. माझे सर्व्हर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. मार्च २०२२ मध्ये त्या कर्नलमधलं 'डर्टी पाइप' नावाचं भगदाड उघडकीला आलं. मॅक्स केलरमान नावाच्या प्रोग्रामरला गिऱ्हाइकांच्या लॉग फाइली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवह्या, अधूनमधून खराब का होतात ते कळेना. तो हात धुऊन मागे लागला, तेव्हा सापडलं की साधं लॉगिन असलेला कुणीही, फक्त वाचायला दिलेल्या फाइलीत लिहू शकतो आणि तिथून अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकतो. कर्नल ५.८ पासून पुढच्या सगळ्यांत हे होतं. आता मी ज्या जिनिंगचं काम पाहतो तिथे वजनकाट्याच्या सर्व्हरवर पाच माणसं बसतात. त्यातली दोन हंगामापुरती. त्या सर्व्हरमध्ये शेतकऱ्याच्या मालाचं वजन आहे. मी अपडेट करू नको?

पूर्वी मीच म्हणायचो, आपल्या गावात कोण येतंय हॅक करायला. २०१७ च्या वॉनाक्रायने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, ते बोलणं बंद केलं. विंडोजची दुरुस्ती १४ मार्चला आली होती, दणका बसला १२ मेला. दोन महिने हातात असून लोक बसून राहिले, कारण त्यांचंही चालूच होतं.

हे सगळं मी सांगतो तेव्हा तुम्ही मान हलवता आणि पुन्हा विचारता, "ते ठीक हाय, पन बंद काऊन पडलं?"

तर त्या दिवसाचं सांगतो.

पांढरकवडा रस्त्यावरची जिनिंग, यवतमाळहून तासाभराच्या अंतरावर. २०२२ च्या मार्चचा शेवटचा आठवडा. दरवर्षी एव्हाना आवक आटलेली असते, पण त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ आणि खासगीत भाव १०,००० च्या वर. घरात दाबून ठेवलेला कापूस सगळ्यांनी एकदमच काढला. सकाळी साडेअकराला लाईट गेली. यूपीएसच्या बॅटरीत जीव नव्हता, सर्व्हर बंद. लाईट आली, सर्व्हर मात्र आला नाही.

काट्यावरच्या पोराचा फोन आला. म्हटलं, स्क्रीनवर काय आहे ते वाच. त्याने एकेक अक्षर लावत वाचलं, "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग." मग थांबून म्हणाला, "दादा, बुडत नाही म्हन्ते. मंग चालू काऊन नाही होत?"

मला हसू आलं. पुढचं ऐकून गेलं. काट्यावर भरलेली गाडी आधी तोलतात, मग कापूस गंजीवर खाली होतो, मग रिकामी गाडी तोलतात, आणि तेव्हा कुठे पावती निघते. अकरा गाड्या खाली झाल्या होत्या. त्यांचं भरलेलं वजन सर्व्हरच्या पोटात, कापूस दुसऱ्यांच्या कापसात मिसळलेला. फोनमधून मागे एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता, "माहा कापूस कोनता, ते दाखव बरं मले." तो ओरडत नव्हता. तेवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. छोटा हत्तीभर कापूस, लाखभर रुपयांचा माल, आणि हातात कागदाचा कपटा नाही.

मी पोराला म्हटलं, बंद करून चालू कर, आणि कंपनीचं चिन्ह दिसलं की शिफ्ट दाबून धर. जुन्या कर्नलची यादी असलेला मेनू मीच लपवून ठेवला होता, कुणी उगाच बोटं घालू नयेत म्हणून. त्याने दाबलं. पुन्हा पॅनिक. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चौथ्यांदा मी ओरडलो, तर तो रडवेला होऊन म्हणाला, "दादा, बटनच खाली नाही जाऊन राह्यलं." डाव्या शिफ्टच्या खाली रुई जाऊन बसली होती, वर्षानुवर्षांची, दाबून घट्ट झालेली. उजवं दाबायला सांगितलं. मेनू आला. त्यातला जुना कर्नल निवडला आणि दोन मिनिटांत सर्व्हर उभा राहिला. अकराही वजनं जागेवर होती. म्हाताऱ्याची गाडी भरलेली १,९६०, रिकामी ९४०. दहा क्विंटल वीस किलो.

मी मोटरसायकलने पोहोचेपर्यंत दीड वाजला. कारण शोधायला पाच मिनिटं लागली. कर्नल ठेवायची बूटची जागा ५०० एमबी. एकेका कर्नलला आणि त्याच्या इनिटआरडीला मिळून शंभरेक एमबी लागतात. इनिटआरडी म्हणजे डिस्क उघडायचं सामान. ते सामान डिस्कवरच असतं, म्हणून त्याचं एक गाठोडं बाहेर वेगळं बांधून ठेवावं लागतं. जागा भरली होती. डर्टी पाइपची दुरुस्ती आधीच एका रात्री आपोआप आली होती, नवा कर्नल मेनूत पहिल्या नंबरावर जाऊन बसला, त्याचं गाठोडं मात्र बांधलंच गेलं नाही. रीस्टार्ट होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. लाईट गेली नसती तर अजून महिनाभर लागला नसता.

जागा का भरली? जुने कर्नल आपोआप काढणारी सोय मीच बंद केली होती. "राहू दे, कामी येतील." आले ना कामी? आले. आणि त्यांच्यामुळेच जागा भरली. मी या बाजूनेही भांडू शकतो आणि त्या बाजूनेही. रात्री अंथरुणावर दोन्ही बाजूंनी भांडून झालं आहे.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सर्व्हर मला रोज सकाळी मेल पाठवत होता, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". चौदा मेल. एकही उघडलेला नाही.

शेठने विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, "लाईट अशी झटक्यात गेली की डिस्कवर परिणाम होतो." हे वाक्य खोटं नाही. त्या दिवशी ते खोटं होतं. शेठने चौकीदाराला बोलावलं, जनरेटर वेळेवर सुरू केला नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं आणि दोन दिवसांची हजेरी कापली. मी तिथेच उभा होतो, हातात चहा होता. बोललो नाही. त्या जिनिंगशिवाय माझा हंगाम निघत नव्हता, हे कारण तेव्हा पुरेसं वाटलं होतं. आता लिहिताना पुरत नाही.

दोन वर्षांनी चौकीदार काका घाटंजीच्या बाजारात भेटले. मी खिशातून पैसे काढले आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी मेल, कर्नल वगैरे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जनरेटरात डिझलच नोतं बाबू. शेठले सकायीच सांगतलं होतं म्या." पैसे घेतले नाहीत. भाजीची पिशवी मात्र मोटरसायकलला अडकवून घेतली आणि घरापर्यंत सोडायला लावलं.

तर प्रश्न काय होता, हात कशाला लावला. त्या दिवशी मी हात लावला म्हणून बंद पडलं नाही. लावायचा तिथे लावला नाही म्हणून पडलं. पण हे उत्तर मला स्वतःलाच फार सोयीचं वाटतं, म्हणून त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. अपडेट आलंच नसतं तर जागा भरली असती का? नसती. म्हाताऱ्याला कापूस शोधावा लागला असता का? नसता. बारा वर्षं एकही अपडेट न केलेली पतसंस्था मला माहीत आहे. त्यांचं आजतागायत काही बिघडलेलं नाही. त्यांना मी काय सांगू?

आता मी अपडेट रविवारी करतो, जिनिंग बंद असताना, समोर उभा राहून. जागा बघतो, रीस्टार्ट करतो, मशीन उठलं की मगच चहा. मेनू लपवणं बंद केलं. नवा कीबोर्ड माझ्या पैशाने आणला. असं ठरवलं आहे खरं, पण हंगामात जिनिंग रविवारीही बंद नसते. आत्ताही कापूस चालू आहे. लॉगिन केलं की वर "सिस्टीम रीस्टार्ट रिक्वायर्ड" अशी ओळ दिसते. नऊ दिवस झाले.