प्रचारफेरीत विचारलेला एक प्रश्न

मी आयटीआय फिटर. २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तेव्हा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर होतो. सहा महिने काम शिकायचं आणि सरकारकडून विद्यावेतन घ्यायचं: बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १०. घरच्यांच्या मते सरकारी ऑफिसचा शिक्का कधीही बरा, म्हणून अर्ज टाकला.

‘रोजगार महास्वयं’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी सोपी. अडतं ते डीबीटीपाशी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यापाशी. बँकेत विचारलं तर ‘आधार लिंक आहे’ एवढंच सांगतात. पैसे मात्र आधारला मॅप झालेल्या खात्यातच येतात. माझ्या बाबतीत ते कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, केव्हाच बंद पडलेलं खातं निघालं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते आधी बघावं.

मला मिळालं एक सरकारी कार्यालय. फिटरच्या हातात आवक-जावक रजिस्टर! हजेरी कार्यालयाने ऑनलाइन चढवायची. ते काम ज्यांच्याकडे होतं ते साहेब रजेवर गेले की विद्यावेतनही रजेवर. सहा महिन्यांची मुदत वाढून अकरा झाली, मग प्रमाणपत्र दिलं आणि आम्ही घरी.

तेवढ्यात महापालिकेची निवडणूक लागली. २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६; मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. आमच्या सिडकोत पॅनलमागून पॅनल येत होतं आणि प्रत्येक पत्रकावर ‘तरुणांच्या हाताला काम’. एका उमेदवाराला गल्लीतच विचारलं, “दादा, काम म्हणजे नेमकं कुठे?”

“एमआयडीसीत कंपन्या आणू. रोजगार मेळावा घेऊ.”

एमआयडीसीचे भूखंड महापालिका वाटत नाही, हे सातपूर-अंबडमध्ये कुणीही सांगेल. महापालिकेची स्वतःची भरती म्हणाल, तर आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरे, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की शासन परवानगी देताना हात आखडतं. मेळाव्यात बायोडेटा गोळा होतात आणि बहुतेक फोन पुन्हा ठेकेदाराच्याच कामासाठी येतात. म्हणून मी सरळ म्हटलं, “ॲप्रेंटिस कायदा सरकारी आस्थापनांनाही आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यायचे. पाणीपुरवठ्याला फिटर, पथदीपांना इलेक्ट्रिशियन किती घेणार, ते पत्रकात छापा.”

दादांनी मागच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्ता म्हणाला, “निवेदन द्या.” संध्याकाळी त्याचाच फोन आला: स्लिपा वाटायला पोरं हवीत, रोज आणि जेवण. रोजगारनिर्मिती झाली म्हणायची. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही, रोख पैसे हातात पडत होते.

मी ॲप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव टाकलं आणि अंबडच्याच एका कारखान्यात वर्षभरासाठी लागलो. विद्यावेतन आधीच्यापेक्षा फार वेगळं नाही, पण दिवसभर हातात मापं घ्यायचं व्हर्नियर आणि फाइल असते. फाइल म्हणजे घासायची, कागदांची नव्हे! शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. फिटरच्या जाहिरातीत ते विचारतात. आवक-जावकचं अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

निवेदन मात्र खरंच लिहिलं. आयटीआयच्या मित्रांच्या सह्या घेतल्या आणि प्रभागातून निवडून आलेल्या चौघांनाही नेऊन दिलं. दोघांनी पोच दिली. एक ताई एवढंच म्हणाल्या, “पाणीपुरवठ्यात आत्ता किती ॲप्रेंटिस आहेत, हे आधी लेखी मागवते, मग महासभेत बोलते.” त्या उत्तराची प्रत मागायला मी पुन्हा जाणार आहे.