न भाजलेले कारंजे

मातीच्या आणि चिनीमातीच्या वस्तूंचे संवर्धन हा माझा व्यवसाय असल्याने कोणत्याही दालनात शिरले की माझी नजर सौंदर्याआधी तडे, उडालेले टवके आणि जुन्या जोडकामाच्या खुणा शोधू लागते. २०१७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कामानिमित्त लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले, तेव्हा तेथे एका हस्तकला पुरस्काराच्या १२ अंतिम स्पर्धकांचे प्रदर्शन सुरू होते. बीबीसी रेडिओच्या 'वुमन्स अवर' या कार्यक्रमाने, क्राफ्ट्स कौन्सिल ही हस्तकलांना प्रोत्साहन देणारी ब्रिटिश संस्था आणि हे संग्रहालय यांच्या सहकार्याने तो पुरस्कार ठेवला होता. यातल्या एका वस्तूचा स्थिती-अहवाल सरावासाठी लिहून पाहावा, असे सोबतच्या सहकाऱ्याने सुचवले आणि मी फीबी कमिंग्ज यांचे कारंजे निवडले.

ते कच्च्या मातीचे होते. पाने, पाकळ्या आणि फुलांचे घोस हाताने घडवून एकमेकांत दाटीने बसवलेले, पण कशालाही भट्टीची आच लागलेली नाही. अधूनमधून त्यात पाणी सोडायचे आणि त्या पाण्याने ते प्रदर्शनाच्या काळात हळूहळू विरघळत जायचे, अशी मुळातच योजना होती. माती भाजली की साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा चिखल होत नाही. वाळलेल्या कच्च्या मातीत मात्र पाणी शिरताच छिद्रांतली हवा बाहेर रेटली जाते, कणांची पकड सुटते आणि पातळ कडा आधी ढासळतात. एका पाकळीची नाजूक कड शेजारच्या पाकळीत मिसळून गेली होती, तर पाण्याच्या वाटेबाहेर राहिलेल्या मागच्या पानावर शिरा अजून स्पष्ट उमटलेल्या होत्या.

अहवालाच्या नमुन्यात हानी, हानीचे कारण आणि सुचवलेला उपाय असे रकाने असतात. कारण म्हणून पाणी लिहिले, तर उपाय म्हणून ते बंद करा असे लिहावे लागणार, आणि तसे केल्यास कलाकृतीच संपणार. याच संग्रहालयात अठराव्या शतकातील, जर्मनीतल्या माइसेन येथे घडवलेले चिनीमातीचे कारंजे आहे आणि त्याचे गहाळ भाग मोठ्या परिश्रमाने नव्याने घडवून ते पुन्हा उभे केलेले आहे, हे आठवून मला गंमत वाटली.

मराठी माणसाला येथे शाडूच्या गणपतीचे विसर्जन आठवणे साहजिक आहे, पण तुलना पुरती जुळत नाही. विसर्जनात मूर्ती पाहता पाहता दृष्टीआड होते; येथे कारंज्याची अर्धवट विरघळलेली अवस्थाच पाहायला लोक येत होते. शेवटी मी उपायाचा रकाना रिकामा ठेवला आणि पाणी कोठून वाहते, कोणता भाग आधी खचतो आणि गाळ कोठे साठतो, एवढेच रेखाटनासह टिपले.

नोव्हेंबरमध्ये १०,००० पौंडांचा तो पुरस्कार कमिंग्ज यांनाच मिळाला. निवड योग्यच होती, तरी माझा कल दुसऱ्या एक अंतिम स्पर्धक रोमिली सॉमारेझ स्मिथ यांच्याकडे होता. हातांनी काम करणे शक्य न राहिल्यावर त्या इतर कारागिरांना सूचना देऊन आपले दागिने घडवून घेतात, आणि त्या दागिन्यांत मला कोठेही परका हात जाणवला नाही.