कोतोव्हच्या पद्धतीने चाली मोजायला शिकताना: माझा अनुभव

अलेक्झांडर कोतोव्ह हा ग्रँडमास्टर बहुतेकांना त्याच्या पुस्तकामुळे माहीत असतो. 'थिंक लाइक अ ग्रँडमास्टर' १९७१ साली इंग्रजीत आलं आणि तेव्हापासून 'कँडिडेट मूव्ह', म्हणजे उमेदवार चाल (खेळण्याआधी विचारात घेण्याजोगी चाल), हा शब्द बुद्धिबळाच्या प्रत्येक शिकवणीत ऐकू येतो. शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यामागचा व्यायाम फार थोडे करतात. जूनपासून गणेश चवथीपर्यंत गोव्यात फोंड्याला घरी बसून मी तो केला, रोज एक पोझिशन, म्हणजे डावातल्या एका क्षणाची पटावरची स्थिती.

आधी या माणसाबद्दल थोडं, कारण पद्धतीवर विश्वास बसायला ते लागतं. कोतोव्ह १९१३ साली तुला शहरात जन्मला. पेशाने इंजिनिअर. आपण चाली नीट मोजत नाही, हे कळल्यावर त्याने जुन्या स्पर्धांची पुस्तकं काढली. गुंतागुंतीच्या पोझिशनला थांबायचं, पुढचं पान झाकायचं, मोहऱ्यांना हात न लावता अर्धा ते एक तास विचार करायचा, सापडलेलं सगळं कागदावर उतरवायचं आणि मग ग्रँडमास्टरच्या टिपांशी ताडून बघायचं. १९३९ च्या सोव्हिएत अजिंक्यपदात पुढे जगज्जेता झालेल्या बोटविनिकच्या मागोमाग तो दुसरा आला. १९५२ ला साल्टशोबाडेनच्या इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) २० पैकी १६½ गुण घेऊन पहिला आला, दुसऱ्यापेक्षा पूर्ण तीन गुणांनी पुढे. आधी स्वतःवर घासून पाहिलेली गोष्टच त्याने पुस्तकात लिहिली.

आता साहित्य. टिपांसह छापलेले डाव हवेत, आणि शक्यतो आपण आधी न पाहिलेले. पंधराव्या ते तिसाव्या चालीच्या मधे जिथे टिपा सगळ्यात लांब असतील, तिथे थांबायचं. पट खराच घ्यावा, स्पर्धेच्या मापाचा: घर ५ ते ६ सेंटिमीटर, राजा साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. मोबाइलवर सराव केला की डोळ्यांना त्या छोट्या चौकोनाची सवय होते आणि स्पर्धेत मोठ्या पटाची लांबची टोकं नजरेतून सुटतात. उंटाच्या लांब तिरक्या रेषा तर हमखास. आपल्याकडच्या पावसात लाकडी पट फुगतो, मोहऱ्यांच्या तळाच्या फेल्टला बुरशी धरते, म्हणून ते चार महिने व्हिनाइलचा गुंडाळता येणारा पट बरा. वही २०० पानी, लांब. पेनच वापरायचं. पेन्सिल घेतली की चुकलेली चाल खोडली जाते, आणि नेमकी तीच आपल्याला नंतर बघायची असते.

घड्याळ ३० मिनिटांवर लावायचं. पहिली चार मिनिटं फक्त यादीची. डाव्या पानावर उमेदवार चाली एकाखाली एक लिहायच्या, एकही मोजायची नाही. सगळ्यात अवघड काम हेच. मन पहिल्याच आवडत्या चालीमागे धावतं आणि दहा मिनिटांनी भानावर येतं. मी यादी ठरावीक क्रमाने करतो: आधी सगळे शह, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या, आणि शेवटी मोहरं चांगल्या घरी नेणाऱ्या शांत चाली. यादीत एकच चाल आली तर बहुधा आपण नीट पाहिलेलंच नसतं. सहा-सात झाल्या तर पोझिशनचा प्रश्नच कळलेला नसतो.

मग उजव्या पानावर फांद्या. प्रत्येक उमेदवाराखाली प्रतिस्पर्ध्याची उत्तरं, त्यांना आपली उत्तरं. फांदीच्या टोकाला निकाल लिहायलाच हवा: पांढरा बरा, काळा बरा, की बरोबरी. 'पुढे बघू' असं लिहिलेली फांदी मोजलीच नाही असं समजायचं. लांब फांदीत आणखी एक घोटाळा होतो. तीन चालींपूर्वी हललेला घोडा डोक्यात अजून जुन्याच घरात बसलेला असतो आणि आपण त्याच्या भरवशावर पुढची मारामारी करतो. म्हणून दर तिसऱ्या चालीला थांबून दोन्ही राजे, वजीर आणि हललेली मोहरी कुठे आहेत ते पुटपुटायचं. फोंडा–पणजी कदंब बसमध्ये पटाशिवायही याचा सराव होतो.

एक फांदी एकदाच तपासायची, परत मागे यायचं नाही, हा कोतोव्हचा नियम मात्र मी सैल केला. पुढे अनेक ग्रँडमास्टर लेखकांनीही त्याच्याशी मतभेद नोंदवले आहेत. दुसरी चाल तपासताना एखादी नवी कल्पना सापडली, तर तिच्यासह पहिलीकडे परतणं योग्यच. नवीन काहीच हातात नसताना नुसती काळजी वाटते म्हणून परतणं, हा वेळेचा नाश.

ताडून बघताना चुकांचे तीन प्रकार वेगळ्या खुणांनी नोंदवायचे: चाल यादीतच नव्हती, प्रतिस्पर्ध्याचं उत्तर दिसलं नाही, टोकाचा निकाल चुकला. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी लावायचं. माझ्या वहीत पहिली खूण सर्वांत जास्त वेळा आहे. आवेरबाख विरुद्ध कोतोव्ह, झुरिक १९५३, हा डाव मी पूर्वी पाहिला नव्हता. काळ्याच्या ३० व्या चालीला मी थांबलो. कोतोव्हने वजिराने एच३ या घरावरचं प्यादं मारून शह दिला, आणि वजीर गेला. राजाने वजीर मारला, एच६ वर हत्तीचा शह, राजा जी४, एफ६ वर घोड्याचा शह, राजा एफ५. पुढची चाल शहाची नाहीच. घोडा शांतपणे डी७ ला सरकतो आणि एफ८ वरून हत्तीच्या शहाची वाट मोकळी होते. पांढऱ्याने ५१ व्या चालीनंतर हार मानली. वजिराने एच३ घेणं हा शह होता, तरी माझ्या पानावर तो नव्हता. 'वजीर फुकट जातो' म्हणून मनाने तो लिहिण्याआधीच गाळला होता. मोजण्यात मी कमी पडलो नव्हतो, मोजण्याची वेळच आली नाही. तेव्हापासून सगळे शह लिहितो, कितीही वेडगळ वाटले तरी.

स्पर्धेत ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद असतील, तर ४० चालींना एकूण ११० मिनिटं मिळतात, म्हणजे चालीला सरासरी पावणेतीन. मोठा विचार डावात तीन-चार वेळा, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं, एवढाच परवडतो. बाकी वेळी यादी तेवढी करायची. २०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हा थेट प्रक्षेपणात मूल्यमापनाची पट्टी (कोण वरचढ आहे ते दाखवणारी) झाकून मी याचीच तालीम केली. खेळाडू विचारात बुडाला की आपलंही घड्याळ सुरू.

पटावर बसल्यावरचा सगळ्यात मोठा धोका खुद्द कोतोव्हनेच लिहून ठेवला आहे. वीस मिनिटं दोन चाली मोजायच्या, दोन्ही पसंत पडत नाहीत, घड्याळ दिसतं, आणि न मोजलेली तिसरीच चाल क्षणात खेळली जाते. बहुधा तीच घात करते. उशिरा सुचलेल्या चालीला दोन मिनिटं द्यायचीच, आणि ती फक्त प्रतिस्पर्ध्याच्या शहांसाठी आणि मारामाऱ्यांसाठी.

चाल आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहा, मग पटाकडे नवख्याच्या नजरेने बघा आणि मगच खेळा, हा जुना सोव्हिएत सल्लाही पुस्तकात आहे. आज तो पाळू नका. २००५ पासून फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार चाल खेळण्याआधी लिहिता येत नाही, आर्बिटर (पंच) टोकतो. स्कोअरशीटवर विश्लेषण किंवा स्वतःसाठी खुणा करणंही चालत नाही. त्याऐवजी चाल ठरली की मी हात मांडीवर ठेवतो, प्रतिस्पर्ध्याची शेवटची चाल स्कोअरशीटवर पुन्हा वाचतो, आणि मग पटाकडे बघतो.