बॉस्टनची ब्लॅक हेरिटेज ट्रेल: जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केलं, त्यांच्या गल्ल्यांतून

बॉस्टनला आलेला पाहुणा फ्रीडम ट्रेल करतोच. फुटपाथवर लाल रेघ आखलेली आहे, ती धरून चालत सुटलं की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची एकेक जागा समोर येत जाते. ती जरूर करावी. पण त्याच बॉस्टन कॉमन या शहरातल्या मोठ्या सार्वजनिक मैदानाच्या कडेवरून दुसरी एक वाट निघते आणि बीकन हिल या टेकडीच्या उत्तर उतारावर जाते. ब्लॅक हेरिटेज ट्रेल तिचं नाव. लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. तिला लाल रेघ नाही आणि फारशी गर्दीही नाही. मराठी माणसाने ही वाट चुकवू नये असं माझं ठाम मत आहे.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. हे सदाचारी लोक कोण? शाळेत आपल्याला लिंकन शिकवतात आणि विषय संपतो. या टेकडीवर त्या प्रश्नाचं उत्तर घराघरांनिशी मिळतं. त्यातले पुष्कळजण स्वतः कृष्णवर्णीय होते, काहीजण तर गुलामीतून पळून आलेले. न्हावी, कपडे विकणारे, छापखानेवाले, वेटर, शिक्षक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॉस्टनमध्ये दोनेक हजार कृष्णवर्णीय राहत होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक याच उतारावर.

आधी एक सल्ला: नुसता नकाशा घेऊन फिरू नका. वाटेवरची बहुतेक घरं खासगी आहेत, आत राहती कुटुंबं आहेत, बाहेरून दिसतो तो विटांचा दर्शनी भाग आणि एखादी पाटी. सांगणारं कुणी नसेल तर पाऊण तासात ‘छान जुनी घरं’ बघून परत याल. नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर इथे मोफत पायी दौरे करतात. हे दौरे मुख्यतः उन्हाळ्याच्या हंगामात असतात, वेळा दरवर्षी बदलतात, कधी पूर्ण वाट होते तर कधी ठरावीक थांबे. म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्याचं वेळापत्रक बघून निघा. दीड तास हाताशी ठेवा. रेंजर सरकारी नोकर आहेत, टिप देऊ नका, ते घेऊ शकत नाहीत. खासगी गाइडचे पैसे भरून करायचे दौरेही मिळतात, पण पहिल्या खेपेला रेंजरच बरा.

सुरुवात पार्क स्ट्रीट स्टेशनपासून. रेड आणि ग्रीन दोन्ही लाइन इथे थांबतात. वर आलं की स्टेट हाऊसचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीचा, सोनेरी घुमट दिसतो, त्याच्या समोर कॉमनच्या कडेला ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं ब्राँझचं स्मारक. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेने उभारलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय पलटणींपैकी ही एक. गुलामीतून निसटून गुलामगिरीविरोधी चळवळीचे गाजलेले वक्ते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुलं, लुइस आणि चार्ल्स, हिच्यात होती. २८ मे १८६३ ला ही पलटण याच बीकन स्ट्रीटवरून कूच करत गेली आणि १८ जुलैला साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट वॅगनरवरच्या हल्ल्यात तिची भयंकर हानी झाली. गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तिथेच पडला. त्याला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं गेलं.

इथे घाई करू नका. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स या एका कामात तेरा-चौदा वर्षं गुंतला होता, १८९७ मध्ये अनावरण झालं. आधी एकट्या शॉचा घोड्यावरचा पुतळा करायचा बेत होता, तो त्याच्या घरच्यांना पसंत पडला नाही. म्हणून घोड्याच्या बाजूने पायी चालणारे सैनिक आले. सेंट-गॉडन्सने त्यासाठी खरी कृष्णवर्णीय माणसं समोर बसवून चेहरे घडवले. जवळ जाऊन बघा: पुढे कोवळा ढोलवाला, मागे पांढऱ्या दाढीकडे झुकलेला एकजण, कुणाच्या गालाची हाडं वर आलेली, कुणाची नजर खाली. एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. पाठीवरच्या वळकट्या, पाण्याच्या बाटल्या, बंदुकांची तिरपी ओळ. मग मागच्या बाजूला जा. मेलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत, पण ती १९८० च्या दशकात कोरली गेली. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं मात्र पहिल्यापासून होती.

याच पलटणीची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सरकारने कृष्णवर्णीय सैनिकांना महिना दहा डॉलर ठरवले आणि त्यातले तीन कपड्यांसाठी कापायचे. गोऱ्या सैनिकाला तेरा मिळत. ५४व्या पलटणीने कमी पगार घ्यायला साफ नकार दिला आणि वर्षाहून अधिक काळ एक पैसाही न घेता ती लढली. घरी बायकामुलं हाल काढत होती. १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगार मान्य केला.

बीकन स्ट्रीटवर आहात तोवर मराठी वाचकांसाठी आणखी एक धागा. अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या मिस सिंथिया फॅरार यांना १८२७ मध्ये हिंदुस्थानात पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं मुख्यालय बॉस्टनमध्ये होतं, आणि पुढे बरीच वर्षं याच बीकन स्ट्रीटवर. फुल्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला ठाऊक आहे. दौऱ्यात हे कुणी सांगत नाही. आमच्या बरोबरच्या बाबांनी, जे निवृत्त शिक्षक आहेत, ते रेंजरबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीला वही टेकवून फुल्यांचं नाव स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

पुढे जॉय स्ट्रीट चढून पिंक्नी स्ट्रीटवर यायचं. इथलं जॉर्ज मिडलटन यांचं लाकडी घर १७८७ च्या सुमाराचं, कृष्णवर्णीयांनी बांधलेलं या टेकडीवरचं सर्वांत जुनं शिल्लक घर. मिडलटन स्वातंत्र्ययुद्धात ‘बक्स ऑफ अमेरिका’ या कृष्णवर्णीय तुकडीचे पुढारी होते. याच रस्त्यावर पुढे जॉन जे. स्मिथ यांचं घर. ते न्हावी, आणि त्यांचं दुकान गुलामगिरीविरोधी मंडळींचा अड्डा. सिनेटर चार्ल्स सम्नर तिथे गप्पांना येत. नंतर स्मिथ राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. खाली चार्ल्स स्ट्रीटवरचं मीटिंग हाऊस, म्हणजे जुनं चर्च, बाहेरूनच बघायचं. हा टप्पा भरभर होतो, होऊ द्या.

थांबायचं ते ६६ फिलिप्स स्ट्रीटला. लुइस आणि हॅरिएट हेडन यांचं घर. हे दोघं १८४४ मध्ये केंटकीतून गुलामीतून निसटले. बॉस्टनला येऊन लुइसनी कपड्यांचं दुकान टाकलं आणि या घरात हॅरिएटबाईंनी राहण्या-जेवणाची खाणावळ चालवली. तिच्या आडोशाने पळून आलेल्यांना आसरा मिळत असे. १८५० मध्ये फरारी गुलामांचा नवा, कडक कायदा झाला, तेव्हा गुलामगिरी नसलेल्या राज्यांतूनही माणसं पकडून मालकाकडे परत धाडणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. मॅसॅच्युसेट्समधली गुलामगिरी १७८० च्या दशकातच संपली होती, पण या कायद्याने बॉस्टनच्या रस्त्यावरही कुणाची खात्री राहिली नाही.

विल्यम आणि एलन क्राफ्ट यांची हकिकत रेंजर इथे सांगतात. एलन उजळ रंगाच्या. १८४८ च्या डिसेंबरात त्यांनी आजारी गोऱ्या जमीनदाराचा पुरुषी वेश घेतला आणि नवरा त्यांचा नोकर बनला. लिहिता येत नव्हतं, हॉटेलात सही मागतील, म्हणून उजवा हात झोळीत बांधला. जॉर्जियापासून फिलाडेल्फियापर्यंत आगगाडीने आणि बोटीने, उघडपणे, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांत बसून त्या आल्या. दोन वर्षांनी त्यांना पकडायला माणसं बॉस्टनला आली, तेव्हा विल्यमना हेडन यांनी या घरात ठेवलं आणि बजावलं की घरात बंदुकीची दारू आहे, आत पाऊल टाकलंत तर सगळं घर उडवून देईन. पकडणारे हात हलवत परत गेले. क्राफ्ट दांपत्य इंग्लंडला पोचलं. पुढच्याच फेब्रुवारीत शॅड्रॅक मिन्किन्स या वेटरला अटक झाली, तर कृष्णवर्णीयांचा जमाव थेट कोर्टात घुसला आणि त्याला उचलून घेऊन गेला. तो कॅनडात सुखरूप पोचला. त्यात हेडन आघाडीवर होते. सगळेच असे सुटले नाहीत. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स यांना लष्करी पहाऱ्यात बंदरापर्यंत चालवत नेऊन परत गुलामीत धाडलं, आणि सारं शहर बघत उभं होतं.

शेवटी स्मिथ कोर्ट. ही गल्ली म्हणजे या वाटेचा गाभा. एका बाजूला १८३५ ची एबिएल स्मिथ शाळा, खास कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेली. सुरुवातीला ती सोय वाटली, मग तीच अडचण झाली. बेंजामिन रॉबर्ट्स या मुद्रकाची पाच वर्षांची मुलगी साराह, गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून या शाळेत यायची. बापाने १८४८ मध्ये शहरावर खटला भरला. वकील रॉबर्ट मॉरिस, स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या जोडीला सम्नर. १८४८! त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. दोन्हीकडे एकमेकांचा पत्ताही नाही आणि भांडण मात्र एकच, कुणाच्या मुलाने कुठल्या वर्गात बसायचं. बाबा त्या शाळेच्या पायरीपाशी बराच वेळ बोलले नाहीत.

रॉबर्ट्स १८५० मध्ये खटला हरले. पण पालकांनी स्मिथ शाळेवर बहिष्कार चालू ठेवला, सह्यांचे अर्ज दिले, आणि १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून वेगळ्या शाळा बंद केल्या. त्या हरलेल्या खटल्याचा आधार पुढे १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व उचलून धरताना घेतला, आणि शाळांपुरतं ते तत्त्व मोडीत निघायला १९५४ उजाडलं. या बहिष्काराचे पुढारी विल्यम कूपर नेल याच गल्लीत ३ नंबरच्या घरात राहिले. विद्यार्थी असताना, १८२९ मध्ये, त्यांनी परीक्षेत फ्रँकलिन पदक मिळवण्याइतकं यश मिळवलं. पदक गोऱ्या मुलांना दिलं, यांना एक पुस्तक. सत्काराच्या जेवणाचं बोलावणंही नाही. नेल एका वेटरला गाठून वाढपी म्हणून त्या जेवणाला गेले आणि आपल्या बरोबरीच्या मुलांना पदकं घालून बसलेलं पाहिलं. पुढे १८५५ पर्यंत ते शाळांचा प्रश्न लढत राहिले.

समोर १८०६ चं आफ्रिकन मीटिंग हाऊस, कृष्णवर्णीयांच्या चर्चची अमेरिकेत उभी असलेली सर्वांत जुनी इमारत. दारावर केटो गार्डनर यांचं नाव आहे. आफ्रिकेत जन्मलेल्या या माणसाने बांधकामासाठी पंधराशे डॉलरहून अधिक जमवले. ६ जानेवारी १८३२ ला गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी न्यू इंग्लंड अँटी-स्लेव्हरी सोसायटी इथेच स्थापन केली. डग्लस इथे बोलले. शतक संपता संपता वस्ती साउथ एंड आणि रॉक्सबरीकडे सरकली आणि इमारत ज्यूंचं प्रार्थनागृह झाली. १९७२ मध्ये म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्ट्रीने ती घेतली. आता ती १८५५ च्या रूपात आहे. आत जाऊन वळणदार लाकडी बाकांवर पाच मिनिटं बसा, सज्जाकडे बघा. उद्घाटनाच्या दिवशी खालची बाकं गोऱ्या देणगीदारांसाठी राखली होती आणि ज्यांचं हे चर्च ते वर सज्जात बसले होते.

मीटिंग हाऊस आणि शाळा या दोनच वास्तू आतून बघता येतात. दोन्ही संग्रहालयाकडे आहेत, वेगळं तिकीट आहे आणि काही वार बंद असतं. म्हणून दौरा आणि संग्रहालय दोन्ही उघडे असतील असा दिवस निवडा, आणि शक्यतो सकाळचा दौरा, म्हणजे नंतर आत निवांत वेळ मिळतो.

आईवडिलांना नेत असाल तर: फुटपाथ विटांचे, झाडांच्या मुळांनी उचललेले, चढ खराच दमवणारा. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. डिसेंबर ते मार्च बर्फाने विटा निसरड्या होतात, तेव्हा हा उतार टाळलेला बरा. वाटेत सार्वजनिक स्वच्छतागृह नाही, कॉमनवरच्या माहिती केंद्रात आधी जाऊन या. गुडघे दुखत असतील तर पूर्ण वाटेचा हट्ट नको: स्मारक पाहा, मग गाडीने केंब्रिज स्ट्रीटला येऊन जॉय स्ट्रीटवरून थोडंसंच चढलं की स्मिथ कोर्ट. गाडी स्वतःची आणू नका, पार्किंग महाग आणि मिळणं मुश्कील. घरांच्या पायऱ्यांवर चढून फोटो काढू नका. डबा असेल तर कॉमनच्या गवतावर खुशाल उघडा. चार्ल्स स्ट्रीटवरची हॉटेलं खिशाला जड आहेत. परतताना स्मिथ कोर्टहून उताराने केंब्रिज स्ट्रीटला उतरा आणि डावीकडे चालत चार्ल्स/एमजीएच स्टेशन गाठा, पुन्हा टेकडी चढावी लागत नाही.