तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेनिंगच्या पोरांचं प्रोफेशनलिझम बघता कसं?

कोपरखैरण्यात माझं मेडिकल आहे, डी.फार्मची, म्हणजे फार्मसी डिप्लोमाची, मुलं ५०० तासांच्या ट्रेनिंगला येतात, आणि कॉलेजचे सर लोक भेटले की हमखास विचारतात की विषयाचे मार्क समजू शकतो हो, पण हे प्रोफेशनलिझम तुम्ही मोजता कसं आणि पोरांमध्ये आणता कसं.

कॉलेजच्या फॉर्ममध्ये वक्तशीरपणा, पोशाख, वर्तन असे रकाने असतात. तिथे सगळ्यांनाच 'उत्तम' जातं, कारण इस्त्रीचा एप्रन घालून दहाला हजर राहायला काय लागतं! मी एवढंच बघतो की गर्दीत पोरगं थांबतं का.

म्हणजे बघा, संध्याकाळी आठची वेळ, काउंटरवर ही गर्दी, आणि एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या, त्यात मेथोट्रेक्सेट, पुढे रोज एक असं लिहिलेलं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलवटतं, जिवावर बेतू शकतं. ट्रेनिंगची मुलगी म्हणाली, "आजी, जरा बसता का, डॉक्टरांना एक विचारते." मागून कोणीतरी ओरडलं, अगं बिल कर ना पटकन! तिनं फोन लावला, तिकडची बाई म्हणे पेशंट आहेत आत, तर ही होल्डवर थांबली. मग पाकिटावर जाड पेननं 'फक्त सोमवारी' लिहिलं आणि आजींकडून परत वदवून घेतलं. आता याला फॉर्ममध्ये रकाना कुठला?

उलट एक हुशार पोरगा होता, शेड्यूल एच-१ (चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि नोंद ठेवायची अशा औषधांची सरकारी यादी) तोंडपाठ, सेफिक्सिम हे अँटिबायोटिक त्यात येतं, नोंदवही ३ वर्षं ठेवायची, सगळं धडाधड सांगायचा, पण ओळखीचे काका चिठ्ठीशिवाय आले की हात आपोआप कपाटाकडे. नाही म्हणायची लाज वाटते हो पोरांना. म्हणून मी आधी त्यांच्यासमोर स्वतः नाही म्हणतो, गिऱ्हाईक चिडतं ते पण त्यांना बघू देतो, आणि शटर ओढताना विचारतो, आज कुठे अडलास, कोणाला विचारलंस? "कुठेच नाही सर" म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

आमच्या धंद्याचं एक दुखणं पण सांगतो. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट टांगलेलं, तो माणूस भलतीकडेच नोकरीला, आणि गोळ्या देतोय बारावी झालेला पोरगा. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ चा, रजिस्टर्ड फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही हे त्या कायद्यातच आहे. अशा दुकानात तीन महिने काढलेल्या पोराला कॉलेजनं नंतर नीतिमत्तेवर कितीही लेक्चर द्या, काय डोंबल होणार! तेव्हा सर, आधी दुकान तपासा, मग पोरगा.

आणि एक करा, तुमचा तो फॉर्म पंधराव्या दिवशीच मागवा. शेवटच्या दिवशी मी काही लिहिलं तरी पोरगं तोवर सही-शिक्का घेऊन निघालेलं असतं.