गॉल ते तंगाल्ला सायकलवर: सपाट आहे, सोपा नाही

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सायकल चालवायची म्हटलं की सगळे एकच सांगतात: रस्ता सपाट, डांबर गुळगुळीत, दिवसभर उजव्या हाताला समुद्र. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. दिघीपासून खाली कोकणातला सागरी मार्ग केलेल्यांना इथले चढ चढ वाटणारच नाहीत. गॉल ते तंगाल्ला साधारण ८० किलोमीटर, पायांत दम असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. पण हा ए-२ महामार्ग आहे आणि त्यावर बस कशा चालवतात, हे आम्हाला कोणीही बजावलं नव्हतं. म्हणून एवढं लिहितोय.

रस्ता दोन पदरी, मध्ये दुभाजक नाही. कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे हातभर डांबर, कित्येक ठिकाणी तेही नाही, लगेच खडी किंवा उघडं गटार. खाजगी बसवाल्यांची आपसात चढाओढ असते. पुढच्या थांब्यावरचे प्रवासी आधी कोण उचलतो, यावर त्यांचा धंदा चालतो. म्हणून मागून येणारी बस तुम्हाला ओलांडते आणि लगेच डावीकडे घुसून तुमच्याच पुढ्यात थांबते. दारात लटकलेला कंडक्टर पत्र्यावर थापा मारतो, दोन माणसं उतरतात, तुम्ही ब्रेक दाबून उभे. आम्ही उजवीकडून पुढे निघालो की तीच बस मिनिटभरात पुन्हा हॉर्न वाजवत मागे हजर.

यापेक्षा वाईट समोरून येणाऱ्या बस. समोरची बस दुसऱ्या बसला ओलांडायला आपल्या बाजूला येते आणि सायकलवाला खाली उतरेल असं धरूनच चालते. मिरिस्साच्या पुढच्या वळणावर दोन बस शेजारी-शेजारी आमच्या अंगावर आल्या. आम्ही सायकली थेट खडीत घातल्या. बसच्या वाऱ्याने माझ्या मित्राच्या डोक्यावरचं हेल्मेट हललं. ड्रायव्हरने वेग कमी केला नाही.

वेलिगामा ते मातारा, जेमतेम पंधरा किलोमीटर, हा सगळ्यात वाईट तुकडा. सकाळी आठनंतर तो सायकलवर करू नका, कितीही सराव असला तरी. दक्षिण द्रुतगती मार्ग २०१४ साली मातारापर्यंत आला म्हणून जुना रस्ता मोकळा झाला असेल, असंही समजू नका. गावोगाव थांबणाऱ्या बस अजून इथेच आहेत, आणि द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. उजाडायच्या आधी गॉल सोडा. मागचा लाल दिवा आणि हँडलला आरसा हवाच. आरसा नसेल तर मी म्हणेन, निघूच नका. मातारा जवळ आलं की पोल्हेनाकडे किनाऱ्याने वळा, शहरात शिरण्याआधीचे शेवटचे काही किलोमीटर तरी शांततेत जातात. हबरादुवाच्या आसपास ज्यांना वेळ आहे त्यांनी कोग्गला सरोवराच्या मागून, भातशेती आणि दालचिनीच्या बागांतून जावं. फेरा पडतो, पण मान अवघडत नाही.

आता समुद्राबद्दल. गॉल ते मातारा तो दिसतो, पण तुकड्या-तुकड्याने. मध्ये हॉटेलं, घरं, भिंती. उनावटुनात तर मुख्य रस्त्यावरून पाणी जवळजवळ दिसतच नाही.

कोग्गला-अहंगामाजवळ खांबावर बसून मासे पकडणारे कोळी दिसतात. उथळ पाण्यात रोवलेल्या खांबाला आडवी काठी बांधून त्यावर बसायचं आणि गळ टाकायचा, अशी ही पद्धत. आता रस्त्यालगतचे बहुतेक जण फोटोसाठी बसलेले असतात. फोनवर एक फोटो काढला तर काठावरचा माणूस माणशी हजार रुपये मागायला आला, आणि सायकलचं हँडल धरून उभा राहिला. द्यायचे तर आधी ठरवून द्या, नाहीतर न थांबता पुढे जा. हँडल धरू देऊ नका. शहाळ्याचंही तसंच: नारिंगी थंबिली रस्त्यावर सगळीकडे मिळते, पण पर्यटकांच्या गावात भाव दुप्पट. भाव विचारल्याशिवाय कोयता चालवू देऊ नका.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा: पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची लाल चटणी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. विचारूनच घ्या. पोटाला खरा आधार म्हणजे मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाचा पाक. मातारापासून पुढे रस्त्याकडेला टपऱ्यांवर मडकी रचलेली दिसतात. त्या एका मडक्यावर आम्ही तंगाल्लापर्यंत गेलो.

मातारा मागे पडलं की सगळंच बदलतं. दोंद्रा हे बेटाचं दक्षिण टोक. मुख्य रस्ता सोडून किलोमीटरभर आत १८९० सालचा दीपस्तंभ आहे, उंची ४९ मीटर. तिथून दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. आम्ही तिथे बराच वेळ बसलो, आणि सकाळभर बसवाल्यांवर चढलेला राग तिथेच उतरला. पुढे डिकवेल्लापर्यंत छोटे चढ-उतार, माडांची सावली, बस कमी. मातारा ते तंगाल्ला हे चाळीसेक किलोमीटर माझ्या आजवरच्या सायकल प्रवासातले सगळ्यात सुंदर आहेत, हे मी बिनदिक्कत लिहितो.

फक्त कुडावेल्लाचा हुम्मानय टाळा. खडकातल्या भेगेतून समुद्राचं पाणी उंच उडतं, हे खरं, पण नैऋत्य मोसमी वाऱ्यात समुद्र खवळलेला असतो तेव्हा. सायकलिंगच्या हंगामात, डिसेंबर ते मार्च, समुद्र शांत असतो. परदेशी माणसाचं तिकीट काढून आम्ही गेलो आणि घरघर ऐकून परत आलो.

याच हंगामात वारा ईशान्येचा, म्हणजे दोंद्रानंतर किनारा वळला की तो तोंडावर येतो. दुपारी तो वाढतो, पाणी भराभर संपतं. डिकवेल्लाला बाटल्या भरून घ्या.

हातात एकच दिवस असेल तर गॉलपासून सुरुवात करूच नका. आदल्या संध्याकाळी माताराला मुक्काम करा, पहाटे दोंद्राला निघा, दुपारी तंगाल्ला. वेलिगामा-मिरिस्सा बघायचं असेल तर ते बसच्या आत बसून बघा.