आमची वाटचाल : टूल्स बदलत गेली, तक्ता राहिला

२०११ मध्ये नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम सुरू केलं, तेव्हा क्यूटीपी हे टेस्ट आपोआप चालवणारं टूल येणाऱ्या पोरांना पुण्यात मोठा भाव होता. एचपीने २००६ मध्ये मर्क्युरी कंपनी घेतली, तिच्याबरोबर हे टूल त्यांच्याकडे आलं होतं. लायसन्स आमच्या आवाक्याबाहेरचं. क्लायंटच्या मशीनवर रिमोटने बसायचं, तेही त्यांची माणसं घरी गेल्यावर. त्यामुळे दिवसभर आमच्या हातात एक्सेल आणि फळा. काय तपासायचं, कुठल्या आकड्यांनी तपासायचं, उत्तर काय यायला हवं, हे आधी तक्त्यात मांडायचं. टूलची पाळी रात्री. नाइलाजाने लागलेली सवय, पण धंदा उभा राहिला तो तिच्यावरच.

पुढे क्यूटीपीचं नाव बदलून यूएफटी झालं, मग क्लायंट फुकटच्या सेलेनियमकडे वळले. ते खरं तर २००४ पासूनचं, आमच्यापर्यंत पोचायलाच उशीर झाला. त्यातही नुसतं सेलेनियम आयडीईवर, म्हणजे ब्राउझरमधले क्लिक टिपून ठेवणाऱ्या जोडटूलवर, रेकॉर्ड करून भागवणाऱ्यांची २०१७ मध्ये तारांबळ उडाली, कारण फायरफॉक्सच्या ५५ व्या आवृत्तीत जुनं आयडीई चालेनासं झालं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं, आता एआय. दर वेळी स्क्रिप्ट नव्याने लिहाव्या लागल्या. केसेसच्या, म्हणजे काय तपासायचं आणि काय उत्तर यायचं त्या तक्त्यांच्या, शीट मात्र होत्या तशा उचलून नेल्या. नवं टूल शिकायला माणसाला काही आठवडे दिले की पुरतात. केस सुचायला लागायला वर्ष जातं, आणि काहींना ती कधीच सुचत नाही. अशांना आम्ही प्रेमाने सपोर्टला पाठवतो.

कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करणारा आमचा एक क्लायंट आहे. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, खाली शेतकऱ्याला देय रक्कम. सरळ काम. डेव्हलपरने दिलेल्या नमुन्यात सगळे भाव क्विंटलला हजार-पंधराशेच्या आसपास होते. आमच्याकडची निफाडची मुलगी वडिलांच्या पट्ट्या बघतच मोठी झालेली. तिने भाव शंभर टाकला, मग पन्नास, मग शून्य. कपात मालाच्या रकमेपुढे गेली तशी देय रक्कम उणे आली. इथपर्यंत ठीक. पण खालच्या अक्षरी रकमेत उणे गायब, ‘रुपये दोनशे बारा फक्त’ एवढंच छापलेलं. म्हणजे व्यापाऱ्याने द्यायचे की शेतकऱ्याने पदरचे भरायचे, हे पट्टी वाचणाऱ्याने ज्याचं त्याने ठरवावं!

डेव्हलपर म्हणाला, “मॅडम, एवढा भाव पडतो का कधी?”

“पडतो ना सर. आमच्या घरी विचारा.”

बग ‘नंतर बघू’मध्ये गेला. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, सगळी कपात जाऊन, दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी आली. पोरीने कात्रणाचा फोटो बगला जोडला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती हजर.

बाउंडरी व्हॅल्यूची, म्हणजे सीमेवरचे आकडे टाकून तपासायच्या पद्धतीची, व्याख्या परीक्षेत सगळेच लिहितात. पण सीमा नेमकी कुठे आहे, हे व्याख्या सांगत नाही. इथे ती भावाच्या रकान्यात नव्हतीच. भाव आणि कपात एकमेकांना भेटतात तिथे होती.

म्हणून मुलाखतीत मी टूलचं नाव काढत नाही. एसटीचं तिकीट देतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांना अर्धं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. तपासा. बरेच जण वयांची यादी करतात आणि थांबतात. एखादा विचारतो, सत्तरीच्या आजींना अर्ध्याचं अर्धं करायचं नाही ना? पंचाहत्तरावा वाढदिवस आजच असेल तर? नाशिक-सुरत गाडीत सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, मग पुढचं तिकीट कसं फाडायचं? असा विचारणारा बीकॉम असला तरी मी घेतो.

आता एआयचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ किंवा १८ वर आल्या. सातपूरच्या एका क्लायंटने बिलिंगच्या टेस्ट एआयकडून लिहून घेतल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. “मग आता तुमचं काय काम?” असं साहेबांनी हसत विचारलंही.

जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दर बदलताना तीन तारखा बघतात: माल कधी दिला, बीजक कधी केलं, पैसे कधी आले. तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला, तो दर. तीन तारखा, प्रत्येकीच्या दोन शक्यता, म्हणजे तक्त्यात आठ ओळी. आमच्या पोराने त्या फळ्यावर मांडल्या, सीएंना दाखवून घेतल्या आणि चालवल्या. दोन ओळी चुकल्या. माल आणि पैसे बदलाआधीचे पण बीजक नंतरचं, ही एक. बीजक आधीचं पण माल आणि पैसे नंतरचे, ही दुसरी. प्रोग्राम फक्त बीजकाची तारीख बघत होता. एआयने अपेक्षित उत्तर त्याच प्रोग्रामवरून काढलं होतं, मग टेस्ट लाल होणार कशी? मुलाने पेपर लिहायचा आणि उत्तरपत्रिकाही त्यानेच तपासायची, त्यातली गत.

एआयशी आमचं वाकडं नाही. त्याच आठ ओळी त्याला दिल्या आणि चहा येईपर्यंत प्लेराइटच्या स्क्रिप्ट तयार होत्या, पूर्वी यात अर्धा दिवस जायचा. उरलेला वेळ आम्ही क्लायंटच्या अकाउंटंटशी बोलण्यात घालवतो, कारण अर्ध्याहून जास्त केसेस तिथेच सापडतात. साहेबांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. दर मात्र त्यांनी कमी करून मागितला नाही, उलट रिटर्नचं आणि क्रेडिट नोटचं कामही दिलं.

त्यासाठी नवी माणसं घेतो आहोत. जाहिरातीत या वेळीही टूलचा रकाना नाही. एसटीचा प्रश्न मात्र बदलावा लागला, मागच्या उमेदवारांनी तो अख्ख्या गंगापूर रोडवर फोडलाय.